विद्यार्थ्यांनी कॅड कशावर शिकावे: शैक्षणिक परवान्यावर की मुक्त सॉफ्टवेअरवर?

(आधाररेषा, छेददृश्य आणि त्रिमिती या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांमधली चर्चा)

आधाररेषा:
संगणकीय आरेखन (कॅड) शिकणाऱ्यांपुढची पैशांची अडचण वरवर पाहता सुटलेली आहे. ऑटोडेस्क कंपनी पात्र विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, फ्यूजन यांसारखी सॉफ्टवेअर एका वर्षासाठी विनामूल्य देते आणि शिक्षण चालू असेपर्यंत त्या परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण करता येते. तरीही माझे आग्रहाचे मत असे आहे की, पहिले सॉफ्टवेअर निवडताना विद्यार्थ्याने केवळ आजची किंमत पाहू नये. शिक्षण संपल्यावर आपली आरेखने आपल्यालाच उघडता आणि सुधारता येतील का, हे आधी पाहावे. हा परवाना शैक्षणिक कामापुरताच असतो, अभ्यासक्रम संपला की पात्रताही संपते, आणि ज्या काळात मिळकत नसते पण पहिले छोटे काम चालून येण्याची शक्यता असते, नेमक्या त्याच काळात हातातले साधन निघून जाते. 2016 पासून या कंपनीने बहुतेक सॉफ्टवेअरचे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केल्यामुळे, पैसे साठवून एकदाच प्रत विकत घेण्याचा मार्गही राहिलेला नाही. मग अनेक जण क्रॅक केलेल्या प्रतीकडे वळतात, जे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय संगणकालाही धोक्याचे आहे.

कंपनीने दिलेली मोफत सोय कंपनी केव्हाही आवरती घेऊ शकते. ड्राफ्टसाइट या दुसऱ्या एका आरेखन सॉफ्टवेअरची द्विमितीय आवृत्ती अनेक वर्षे विनामूल्य होती. 2019 अखेर ती बंद झाली. फ्यूजनच्या वैयक्तिक वापराच्या मोफत परवान्यावर 2020 मध्ये मर्यादा आल्या आणि एका वेळी दहाच फाइलींवर काम करता येईल असे ठरले. म्हणून द्विमितीय आरेखनासाठी लिब्रेकॅड किंवा क्यूकॅडची कम्युनिटी आवृत्ती आणि त्रिमितीय कामासाठी फ्रीकॅड या मुक्त, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरपासूनच सुरुवात करावी, असे मी सुचवतो.

छेददृश्य:
तुमची काळजी मला समजते, पण सल्ला पटत नाही. विद्यार्थी आरेखन शिकतो ते मुख्यतः काम मिळावे म्हणून, आणि बांधकाम आरेखनाच्या क्षेत्रात काम म्हणजे डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या स्वतःच्या प्रकारची) फाइल हे समीकरण अजून मोडलेले नाही. लिब्रेकॅड फाइल जतन करते ती डीएक्सएफ या आरेखनांच्या देवाणघेवाणीसाठीच्या फाइल-प्रकारात, आणि डीडब्ल्यूजी वाचण्याची त्याची क्षमता अपुरी आहे. क्यूकॅडमध्ये डीडब्ल्यूजी हवे असेल तर पैसे देऊन व्यावसायिक आवृत्ती घ्यावी लागते. रूपांतर करून भागेल असे म्हणावे, तर डायनॅमिक ब्लॉकची (दार-खिडकीसारख्या, आकार बदलता येणाऱ्या तयार चित्रभागांची) लवचिकता दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा टिकत नाही, अक्षरांचे फॉन्ट बदलतात आणि मापांच्या शैली विस्कटतात. एकाच इमारतीच्या आराखड्यावर चार जण काम करत असतील, प्रत्येकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलीला एक्सरेफने (म्हणजे एका आराखड्यात दुसरी फाइल संदर्भ म्हणून दाखवण्याच्या सोयीने) जोडलेली असेल, तर त्यातल्या एकाने वेगळे सॉफ्टवेअर वापरल्याचा त्रास उरलेल्या तिघांना होतो.

मुलाखतीत उमेदवाराला संगणकासमोर बसवून ठरावीक वेळात आराखडा काढायला सांगण्याची पद्धत आहे. तिथे डाव्या हाताने आज्ञा टाइप करण्याची सवय, लेआउट (छपाईच्या पानाची मांडणी) आणि व्ह्यूपोर्ट (त्या पानावर आराखडा दाखवणारी चौकट) यांची जाण, हेच पाहिले जाते. जे साधन शिक्षण चालू असताना विनामूल्य मिळते आणि ज्याच्यावर पुढे कामही करायचे आहे, ते बाजूला ठेवायला सांगणे म्हणजे विद्यार्थ्याचे नुकसान करणे होय.

त्रिमिती:
मी यंत्रभागांचे आरेखन शिकवतो आणि आधाररेषा यांच्या बाजूचा आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या चुका मी रोज पाहतो, आणि त्यांतल्या फारच थोड्या सॉफ्टवेअरच्या असतात. प्रथम कोन आणि तृतीय कोन प्रक्षेपणांत (कागदावर वस्तूची दृश्ये मांडण्याच्या दोन पद्धतींत) गल्लत होते, छेद (वस्तू कापून आतला भाग दाखवणारे दृश्य) कुठून घ्यावा ते कळत नाही, एकच माप दोन दृश्यांत दिले जाते, दृश्य रेषा आणि अदृश्य कडा यांच्या जाडीत फरक ठेवला जात नाही. हे सगळे आयएसओ 128 सारख्या तांत्रिक आरेखनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत सांगितलेले आहे आणि ते कोणत्याही साध्या साधनावर शिकता येते. स्केचमधल्या भूमितीवर बंधने घालण्याची (उदाहरणार्थ, दोन रेषा समांतरच राहाव्यात असे ठरवण्याची) कल्पना तर आयव्हन सदरलँड यांच्या 1963 च्या स्केचपॅड या आरेखनाच्या संगणक प्रणालीपासूनची आहे. ती फ्रीकॅडमध्ये समजलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या पॅरामेट्रिक (माप बदलले की आकारही बदलणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट किमतीइतकीच महत्त्वाची आहे. ऑटोकॅडची पूर्ण आवृत्ती विंडोज आणि मॅकवरच चालते, आणि त्याला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. परवाना फुकट मिळाला तरी संगणक फुकट मिळत नाही. लिब्रेकॅड जुन्या संगणकावर आणि लिनक्सवर व्यवस्थित चालते. ऑनशेपसारखे ब्राउझरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर हा दुसरा उपाय आहे, मात्र त्याला सतत इंटरनेट लागते.

छेददृश्य:
प्रक्षेपणाबद्दल तुमच्याशी वाद नाही. ते कागदावरही शिकता येते. पण फ्रीकॅडबद्दल बोलताना त्याचा जुना दोषही सांगायला हवा होता. आधीच्या स्केचमध्ये बदल केला की पृष्ठभागांचे अंतर्गत क्रमांक बदलत, आणि पुढचे छिद्र किंवा गोलाई भलत्याच पृष्ठभागावर जाऊन बसे किंवा मॉडेलच मोडून पडे. नवशिक्याला वाटे की चूक आपलीच आहे, आणि तो निराश होई.

त्रिमिती:
तो दोष खरा होता आणि त्यामुळे विद्यार्थ्यांना मनस्ताप झाला, हे मान्य. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत तो बराच कमी झाला आहे. त्या आधीच्या आवृत्तीवर आज कोणालाही बसवू नये.

छेददृश्य:
आधाररेषा यांच्या मूळ मुद्द्यावर, म्हणजे शिक्षण संपल्यावर आरेखने स्वतःला उघडता यावीत यावर, मला एक शंका आहे. शैक्षणिक परवान्यावर शिकणाऱ्यानेही शेवटच्या सत्रात सर्व फाइली डीएक्सएफ आणि स्टेप (त्रिमितीय आकारांच्या देवाणघेवाणीचा फाइल-प्रकार) यांत काढून ठेवल्या, तर त्याचे काय बिघडते? त्या दोन्ही प्रकारच्या फाइली मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडतात.

आधाररेषा:
द्विमितीय आराखड्यांपुरते फारसे बिघडत नाही, आणि तसे प्रत्येकाने करावेच. त्रिमितीय कामात मात्र मोठे नुकसान होते. स्टेप फाइलीत वस्तूचा आकार येतो. स्केच, त्यावरची बंधने आणि पायऱ्यांचा क्रम येत नाही. भिंतीची जाडी 3 मिलिमीटरवरून 4 करायची असेल तर आधी एक आकडा बदलून काम होत असे, आता तो भाग नव्याने उभारावा लागतो. फ्रीकॅडची स्वतःची फाइल ही झिपच्या आवरणात ठेवलेली एक्सएमएल (साध्या मजकुराच्या रूपातली) आणि आकारांची माहिती असते, आणि ती वाचणारे सॉफ्टवेअर कोणाच्या पात्रतेवर अवलंबून नाही.

छेददृश्य:
मग यंत्रभागांच्या विद्यार्थ्यासाठी तुमचा मुद्दा मी मान्य करतो. बांधकामाच्या आराखड्यांवर काम करू इच्छिणाऱ्याला मात्र मी आजही पहिल्या वर्षापासून शैक्षणिक परवाना घ्यायलाच सांगेन, आणि तो संपण्याआधी फाइली डीएक्सएफमध्ये काढून ठेवायला सांगेन.