मशीन नोव्हेंबरमध्ये काढून नेलं, सासूबाईंच्या खात्यातून पैसे अजून जातायत

पूर्वभाग_सोलापूर
६ मार्च २०२६

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण फोनवर कोणी पूर्ण ऐकूनच घेत नाही.

आमच्याकडे भाड्याचं आरओ मशीन होतं. सर्व्हिस धरून महिना ४९९, डिपॉझिट १५०० वेगळं. गेल्या उन्हाळ्यातच ते नकोसं झालं होतं. आमच्या गल्लीत चार दिवसांआड नळाला पाणी येतं, आणि मशीन एक लिटर गाळून देताना जवळजवळ तीन लिटर बाहेर सोडायचं. ते पाणी बादलीत धरून फरशीला, भांड्यांना वापरायचो, तरी टाकी तिसऱ्या दिवशीच तळाला जायची. शेवटी पाणी उकळून माठात ओतायचं ठरवलं आणि १० नोव्हेंबरला कंपनीला फोन करून बंद करायला सांगितलं. १४ नोव्हेंबरला त्यांचा माणूस आला, मशीन खोललं, गुलाबी कागदावर ‘मशीन परत घेतले’ असं लिहून मशीनचा नंबर टाकला, सही केली आणि घेऊन गेला. ओट्यावरच्या टाइलला चार भोकं राहिलीत, नळाच्या फाट्याला प्लंबरने टोपण बसवलंय.

काल सासूबाईंचं पासबुक भरून आणलं. ५ डिसेंबर, ५ जानेवारी, ५ फेब्रुवारी, ५ मार्च. चारही ओळींत ४९९.

त्यांच्या खात्यातून का, तर मशीन बसवलं तेव्हा मी कामावर होते. विक्रीवाल्याने दुपारी घरात होता तो फोन घेतला, म्हणजे सासूबाईंचा, आणि त्यावरून ऑटोपे लावून दिलं. मला रात्री कळलं, तेव्हा म्हटलं राहू दे, मी त्यांना दर महिन्याला पैसे देईन. डिसेंबरपासून द्यायचे बंद केले, कारण मशीनच नव्हतं.

कस्टमर केअरला पाच फोन झाले. ‘मॅडम, सिस्टीममध्ये प्लॅन ॲक्टिव्ह दिसतोय’, एवढंच. फेब्रुवारीत तर ‘तुमची फिल्टर सर्व्हिस पूर्ण झाली’ असा मेसेज आलाय. कुठल्या फिल्टरची?

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. न केलेल्या कामाचं बिल आमच्याकडे कोणी लावलं तर ते बाजूला काढतात. इथे मात्र बिल आधी वसूल होतंय. आता बँकेत जाऊ की कंपनीच्या मागे लागू? ऑटोपे बंद केलं तर थकबाकी दाखवून वसुलीचे फोन करतील का?

काउंटर_नंबर_तीन

ताई, मी बँकेत आहे. या दोन गोष्टी वेगळ्या धरा. करार बंद करणं कंपनीकडचं काम, मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, बंद करणं तुमच्या हातातलं. एक बंद झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. रोज एक तरी माणूस काउंटरवर हेच घेऊन येतो.

यूपीआय ऑटोपे असेल तर ज्या ॲपवरून लावलं त्याच ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ उघडा, कंपनीचं नाव येईल, तिथे रद्द करा. पिन सासूबाईंनी स्वतः टाकायचा. रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. हे आजच करा, ५ एप्रिलची वाट बघू नका.

अजून एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायला हवी. सासूबाईंच्या फोनवर ३ किंवा ४ तारखेचे मेसेज शोधा. बहुतेक इंग्रजीत असतील.

गेलेले पैसे मात्र बँकेकडून लगेच परत मिळतील असं मी सांगणार नाही. मँडेट तुमच्याच पिनने लागलेलं, त्यामुळे बँक म्हणणार की वाद कंपनीशी आहे. रद्द केल्यानंतरही कपात झाली, तर ती बँकेची बाब. तेव्हा शाखेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

होटगीरोडवाला

ऑटोपे बंद करा आणि विषय सोडा. दोन हजारासाठी इतके फोन, इतका वेळ कोण घालवतं?

पूर्वभाग_सोलापूर

@काउंटर_नंबर_तीन, खूप आभार सर. रात्रीच रद्द केलं. मेसेजही सापडले, दर महिन्याच्या ३ तारखेचे, सगळे इंग्रजीत. सासूबाईंना तेलुगू आणि मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही.

@होटगीरोडवाला, दादा, मी नाही सोडणार. सासूबाईंनी तीस वर्षांवर विड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन, पत्र्याच्या मापाने पान कापायचं, हजार विड्यांवर मजुरी. आजही बोलता बोलता त्यांची बोटं पान वळल्यासारखी हलतात. त्यातून त्यांना महिना हजाराच्या आसपास पेन्शन येते. त्यातले ४९९, म्हणजे अर्धी पेन्शन, चार महिने गेली आणि त्या मला विचारत होत्या की आपलंच काही चुकलं का. त्यांच्या औषधाचे पैसे आहेत ते.

ग्राहक_चळवळ

ताई, बरोबर करताय. गेली काही वर्षं मी लोकांच्या अशा तक्रारी लिहून देतो. तुमचा तो गुलाबी कागद सगळ्यात मोठा पुरावा आहे, त्याचा आधी फोटो काढा. कार्बनची अक्षरं उडतात.

आता फोन पुरे. ईमेल करा आणि सोबत स्पीड पोस्टाने एक पान पाठवा. त्यात लिहा: बंद करायला कधी सांगितलं, मशीन कधी परत गेलं, त्याचा नंबर, नंतरच्या कपातीच्या तारखा, किती परत हवेत, आणि १५ दिवसांची मुदत. ‘थकबाकी शून्य असल्याचं लेखी द्या’ हे वाक्य विसरू नका, म्हणजे वसुलीच्या फोनची भीती राहत नाही. फेब्रुवारीचा सर्व्हिसचा मेसेज जोडा आणि त्या भेटीचं सही केलेलं जॉब कार्ड, म्हणजे केलेल्या कामाची नोंद, मागा. त्यांच्याकडे असणारच नाही.

लिहिण्याआधी कराराची बारीक अक्षरं वाचा. नोटीस पिरियड असेल तर तेवढं भाडं त्यांचं निघतं. आपला आकडा एका रुपयानेही फुगलेला नको.

त्याच दिवशी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीत बोलता येतं. ते आदेश काढत नाहीत, कंपनीपर्यंत तक्रार पोहोचवून उत्तर मागवतात. पण एवढ्यानेही पुष्कळ प्रकरणं मिटतात.

नाही मिटलं तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं ऑफिस कुठल्याही गावात असो, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

आणि बंद करायला ॲपमध्ये बटण आहे का, तेही बघून सांगा. सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं याला केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक सूचनांमध्ये सबस्क्रिप्शन ट्रॅप म्हटलंय. पत्रात त्याचा उल्लेख करा.

पूर्वभाग_सोलापूर

ॲपमध्ये ‘प्लॅन वाढवा’ आहे, ‘प्लॅन बदला’ आहे. बंद करायचं कुठेच नाही, फक्त फोन नंबर.

आणि करार वाचला. ३० दिवसांची नोटीस आहे, नवव्या पानावर. म्हणजे आमचा प्लॅन १० डिसेंबरपर्यंत त्यांच्या हिशेबात चालू होता. डिसेंबरची कपात मी यादीतून काढली. तीन महिन्यांचे १४९७ आणि डिपॉझिट १५००, एकूण २९९७ मागते. पत्र उद्या हेड पोस्टात टाकते.

पूर्वभाग_सोलापूर
२८ मार्च २०२६

काय झालं ते सांगते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

९ तारखेला पत्र, ईमेल आणि १९१५ तिन्ही केलं. हेल्पलाइनचा तक्रार नंबर पडल्यावर आठव्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा फोन आला, पहिल्यांदाच कोणीतरी नाव सांगून बोललं. मशीन गोदामात जमा झालं होतं, पण ज्याने नेलं त्याने ॲपमध्ये नोंद ‘दुरुस्तीसाठी’ अशी केली होती, म्हणून प्लॅन चालूच राहिला. फेब्रुवारीच्या सर्व्हिसबद्दल त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी जॉब कार्ड दोनदा मागितलं, दोन्ही वेळा त्या गप्प राहिल्या.

१४९७ परवा सासूबाईंच्या खात्यात आले. मेसेज मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. मग त्यांनी मला तो परत वाचायला लावला. ‘थकबाकी शून्य’ असा ईमेलही आलाय, त्याची प्रिंट गुलाबी कागदाला टाचून ठेवलीय.

डिपॉझिटचे १५०० अजून यायचेत. १० एप्रिलपर्यंत देतो म्हणालेत. ११ ला दुसरा शनिवार आहे, त्यामुळे सोमवारी १३ ला पासबुक भरून आणते. ओळ दिसली नाही तर त्याच संध्याकाळी ई-जागृतीवर बसणार आहे. @ग्राहक_चळवळ, तेव्हा मजकूर एकदा नजरेखालून घालाल का?