"सर्दीची गोळी आणि वर एक डोलो, काही होत नाही" असं लिहिणाऱ्यांना

गड्ड्यावरची_लेक
काल इथं एकानं लिहिलं: "सर्दीतापाला डॉक्टर कशाला? मेडिकलमधून सर्दीची गोळी घ्यायची, ताप वाटला तर वर एक डोलो टाकायची. वीस वर्षं हेच करतोय, काही होत नाही." खाली अंगठ्यांची रांग. ते वाचून झोप लागली नाही, म्हणून हे लिहितेय.

माझे वडील ७१ वर्षांचे. बीपीची गोळी चालू, लघवीच्या वाटेवरची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेहून आले ते नाक गळत आणि घसा धरून. होम मैदानावरची धूळ आणि वर थंडी. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून भावानं पुडी आणली. सर्दीची गोळी दिवसातून तीनदा, अंगदुखीची दोनदा. घरात डोलो ६५० होतीच, ती आई चार वेळा देत होती.

दुसऱ्या रात्री दोन वाजता लघवी अडकली. ओटीपोट दगडासारखं, आणि माझा बाप बाथरूमच्या भिंतीला डोकं टेकवून उभा. दवाखान्यात नळी घालावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर्दीचं काय घेतलं?" त्या गोळीत क्लोरफेनिरामाइन होतं आणि फिनाइलेफ्रिन होतं. पहिल्यानं लघवीच्या पिशवीचा जोर कमी होतो, दुसऱ्यानं पिशवीचं तोंड आवळतं. वर फिनाइलेफ्रिननं बीपी वाढतं ते वेगळंच.

घरी येऊन मी पुडी टेबलावर ओतली. कात्रीनं कापलेले पट्टीचे तुकडे. एकावर नावातलं नुसतं "मॉल ५००" उरलेलं, दुसऱ्यावर काहीच नाही. भावाला परत पाठवून पूर्ण पट्ट्या बघून यायला लावलं. मग बेरीज केली. पॅरासिटामॉल, म्हणजे ताप-अंगदुखीचं औषध, सर्दीच्या गोळीतून १५०० मिलिग्रॅम, अंगदुखीच्या गोळीतून ६५०, डोलोतून २६००. एका दिवसाचे ४७५०. धडधाकट मोठ्या माणसाची कमाल ४०००, आणि माझे वडील ४८ किलोचे. नावं तीन, आत औषध एकच, आणि घरात कुणालाच माहीत नाही.

मागवाला_अक्कलकोट_रोड
ते लिहिणारा मीच. ताई, वडिलांचं वाईट वाटलं, खरंच. पण एका घरात झालं म्हणून सगळ्या गावाला भीती का घालायची? मी बारा तास यंत्रमागावर उभा असतो. डॉक्टरकडे गेलो की फी, वर तपासण्या, आणि अर्धी पाळी बुडाली की पगार गेला. सिव्हिलला गेलो तर केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते. दहा-वीस रुपयांत माणूस कामावर उभा राहतो, ते पण नको म्हणलात तर गरिबानं आजारी पडायचंच नाही का ओ?

विडीघरकुल_सून
दादा बरोबर बोलले. माझी सासू हजार विड्या वळून उठते तेव्हा तंबाखूच्या धुळीनं रोज शिंकत असते. तिला डॉक्टर परवडत नाही.

गड्ड्यावरची_लेक
डॉक्टरकडे जा असं मी कुठं म्हटलं? पट्टी उलटी करून वाचा म्हणतेय. त्याला फी लागत नाही. आणि वहिनी, सासूबाईंची रोजची शिंक धुळीची आहे, त्याला तापाची गोळी कशाला? तोंडाला फडकं बांधू द्या, घरी आल्यावर मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुऊ द्या.

कात्रीवाला_मेडिकल
तुकड्यांचा विषय निघाला म्हणून बोलतो. कात्री आम्ही हौसेनं लावत नाही. गिऱ्हाईक म्हणतं दोनच द्या. दहाची पट्टी घ्या म्हटलं की समोरच्या दुकानात जातं. उरलेली पट्टी आमच्या गळ्यात पडते. ऑनलाइनवाले वीस-पंचवीस टक्के सूट देतात, आमचा नफा तेवढा नसतो. माझ्या काउंटरवर माणूस सांगतो, "बीपी नाही, शुगर नाही, द्या लवकर, बस चुकेल." त्याचं प्रोस्टेट मला कसं कळणार?

सात_रस्ता
विचारल्याशिवाय कसं कळेल! आणि बिल? मी चार वेळा बिल मागितलं, चारही वेळा "मशीन बंद आहे". बिल असतं तर त्यावर नाव असतं, बॅच असतो, मुदत असते. कापलेल्या तुकड्यावर यातलं काहीच नसतं. मागच्या वर्षी मला मुदत संपलेली गोळी मिळाली आणि सिद्ध करायला हातात चिठोरं नव्हतं.

कात्रीवाला_मेडिकल
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी बिल देतो.

सात_रस्ता
न मागता देता?

कात्रीवाला_मेडिकल
मागितलं तर देतो. ठीक आहे, न मागता द्यायला पाहिजे, मान्य. पण मग डॉक्टरांचंही बोला. माझ्याकडे चिठ्ठी येते, एक सर्दीची, एक तापाची, एक अंगदुखीची. तिन्हीत पॅरासिटामॉल. मी फोन करून विचारलं तर उत्तर आलं, "लिहिलंय तसं द्या, डोकं चालवू नका." हे एकदा नाही, कितीदा झालंय. चूक आमची, कात्री आमची, आणि चिठ्ठी लिहिणारा देव?

रात्रपाळीचा_निवासी
मी डॉक्टर आहे. अशा चिठ्ठ्या मीही बघितल्यात, त्याचं समर्थन करणार नाही. एवढं मान्य करून पुढचं सांगतो.

पॅरासिटामॉल जास्त झालं की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ, किंवा तीही नाही. यकृताचं नुकसान एक-दोन दिवसांनी दिसायला लागतं. उतारा आहे, एन-अॅसिटिलसिस्टीन, पण तो लवकर दिला तर नीट लागू पडतो. म्हणून "काही होत नाही" हे वाक्य या औषधाबाबत सगळ्यात फसवं आहे. रोज दारू घेणाऱ्याला, उपाशी माणसाला, यकृताचा आजार असलेल्याला धोका आणखी जास्त.

दुसरं. नाक मोकळं व्हावं म्हणून ज्या फिनाइलेफ्रिनसाठी आपण पैसे देतो, ते गोळीतून घेतलं की नाकावर काम करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं २०२३ मध्ये काढला. २०२४ मध्ये ते तिथल्या चिठ्ठीविना विकायच्या औषधांच्या यादीतून काढायचा प्रस्तावही आला. आपल्याकडे केंद्रानं २०१६ मध्ये एकाच गोळीत अनेक औषधं असलेल्या ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या कोर्टात गेल्या, बंदी रद्द झाली, मग २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६, त्यात सर्दीचीही होती.

सात_रस्ता
आणि लहान लेकरांचं? मध्य प्रदेशात छिंदवाड्याला २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधानं वीसहून जास्त पोरं गेली. माझी बहीण अजून तीन वर्षांच्या पोराला मोठ्यांची सर्दीची गोळी अर्धी करून मधातून देते. सांगितलं तर म्हणते, आपण पण असंच वाढलो.

रात्रपाळीचा_निवासी
छिंदवाड्याला औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, तो भेसळीचा प्रश्न होता. इथला वेगळा आहे. बहिणीला आजच थांबवा. क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हे औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कंपन्यांना लेबलवर छापायला सांगितलंय. आणि मोठ्यांची गोळी अर्धी केली म्हणून लेकराचा डोस होत नाही. तो वजनावर ठरतो.

मागवाला_अक्कलकोट_रोड
एवढं सगळं वाचल्यावर एक सांगतो. कुणाला बोललो नव्हतो. दिवाळीनंतर ती गोळी घेऊन रात्रपाळीला गेलो. तीनच्या सुमाराला उभ्या उभ्या डुलकी लागली. ताण्याचे धागे तुटत गेले, मला कळलंच नाही. सात-आठ टॉवेल वाया, मालकानं पगारातून कापले. मी म्हणत होतो झोप कमी झाली म्हणून झालं. हात आत गेला नाही एवढंच.

रात्रपाळीचा_निवासी
क्लोरफेनिरामाइननं झोप येते. मागावर उभं राहायचंय त्या पाळीआधी ते नकोच. गाडी चालवायचीय तेव्हाही नको. ताप-अंगदुखी असेल तर साधं पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांत किमान चार-सहा तास. नाकाला वाफ, मिठाचं पाणी. सर्दी आठवड्यात आपली आपण जाते. ताप तीन दिवसांवर गेला किंवा धाप लागली तर मात्र पाळी बुडवून या.

मागवाला_अक्कलकोट_रोड
पाळी बुडवायचं सांगणं सोपं आहे साहेब. फीचं माझं म्हणणं मी सोडणार नाही. पण आत्ता बायकोनं औषधाचा डबा काढला. चार पट्ट्या निघाल्या. त्यातल्या तिन्हींवर पॅरासिटामॉल लिहिलंय, एक सर्दीची, एक डोकेदुखीची, एक डोलो. मला त्या तीन वेगळ्या वाटत होत्या. चौथीचा तुकडा आहे, नाव कापलंय.

गड्ड्यावरची_लेक
दादा, तो चौथा तुकडा टाकून द्या. आणि बाकीच्या तिन्हींवर पेनानं मोठ्या अक्षरात "पॅरा" लिहून ठेवा. आमच्या डब्यात आईनं तसंच केलंय. तिला इंग्रजी येत नाही, पण आता दोन "पॅरा" ती एकत्र देत नाही.

कात्रीवाला_मेडिकल
उद्यापासून तुकडा देताना मागं मी नाव आणि मुदत लिहून देईन. गर्दीच्या वेळी जमेल का, बघतो.