डँटोनिओची पारख: चार नावांवरून निकाल नको

अमेरिकन फुटबॉलमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक मार्क डँटोनिओ (2007 ते 2019) यांनी केलेली नव्या खेळाडूंची पारख म्हणजे नुसतं नशीब, असं काही जण म्हणतात. पटत नाही. लेव्हिऑन बेल आणि डार्केझ डेनार्ड, दोघेही भरतीच्या वेळी पाचपैकी दोनच स्टारवाले, म्हणजे फारशी अपेक्षा नसलेले. व्यावसायिक एनएफएल संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्या ड्राफ्टमध्ये बेल 2013 ला 48 वा, डेनार्ड 2014 ला 24 वा गेला. जॅक कॉन्क्लिनची तर सुरुवातीला शिष्यवृत्तीवर निवडही नव्हती. 2016 ला तो आठवा उचलला गेला. नशीब एवढ्या वेळा साथ देत नाही.

पण फक्त हीच नावं घेऊन प्रशिक्षकाला डोक्यावर घेणंही चूक. त्या काळी संघाला शिष्यवृत्त्या एकूण 85, वर्षाला साधारण 25. म्हणून एका वर्षी घेतलेल्या खेळाडूंची अख्खी तुकडी घ्या आणि तिसऱ्या हंगामात त्यातले किती जण पहिल्या फळीत आहेत, किती सोडून गेले ते मोजा. फसलेली निवड कुणी लक्षात ठेवत नाही, गोम तिथेच आहे.

शिवाय पारख कुठली आणि घडवणं कुठलं? करारावेळी आणखी कोणत्या मोठ्या कॉलेजांनी बोलावलं होतं ते बघा. कुणीच नसेल आणि पोरगा दुसऱ्याच वर्षी खेळू लागला, तर श्रेय नजरेला. चौथ्या-पाचव्या वर्षी चमकला, तर बरंचसं व्यायामशाळेला आणि सहाय्यकांना. बचावाचे सूत्रधार पॅट नार्डुझी 2014 च्या हंगामानंतर पिट्सबर्गला गेले. 2016 ला संघ 3 विजय, 9 पराभवांवर आपटला. सगळं त्यांच्याच जाण्यामुळे नव्हे, पण हिशेबात धरायलाच हवं.