एचएमटी 'जनता' : तबकडी आणि मशीनचे जवळून छायाचित्रण

रौप्यकाटा (प्रश्न)
नमस्कार. वडिलांचे चावीचे एचएमटी 'जनता' मनगटी घड्याळ सध्या माझ्याकडे आहे. तबकडीवर देवनागरी अंक आहेत आणि मशीन १७ ज्वेलचे (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे) आहे. एचएमटीने १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली, त्या परंपरेतल्या या घड्याळाची नीट नोंद राहावी, तबकडीवरची बारीक छपाईसुद्धा वाचता यावी, अशी छायाचित्रे मला काढायची आहेत. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा, १०० मिमीची मॅक्रो लेन्स आणि ट्रायपॉड आहे. मात्र घुमटाकार ॲक्रिलिक काचेत खिडकी आणि कॅमेरा दोन्ही उमटतात, आणि पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावूनही ते जात नाही. मागचे झाकण काढून घेतलेल्या छायाचित्रात मशीनचा एकच थर स्पष्ट येतो. एफ/२२ (लेन्सचे अगदी लहान छिद्र) वापरले तर सगळेच मऊ दिसते. अधिक वर्धनाची लेन्स घ्यावी का?

प्रकाशवेध
लेन्स बदलू नका. तुमच्या सेन्सरवर संपूर्ण तबकडी साधारण १:२ प्रमाणातच, म्हणजे प्रत्यक्षाच्या निम्म्या मापात, मावते, त्यामुळे आहे ती लेन्स पुरेशी आहे. पोलरायझर निरुपयोगी ठरला याचे कारण कोनात आहे. ॲक्रिलिकवरची चमक हा फिल्टर सर्वाधिक कापतो ती काचेच्या लंबाशी सुमारे ५६ अंशांच्या कोनातून पाहताना. तुम्ही नेमके वरून पाहता, तिथे त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. पॉलिश केलेल्या धातूच्या चमकेवर तर तो एरवीही फारसा चालत नाही.

म्हणून काचेत काय उमटावे हे आपणच ठरवायचे. खोलीत अंधार करा, काळ्या कार्डपेपरला लेन्सच्या मापाचे भोक पाडून तो लेन्सच्या तोंडाशी बसवा आणि दिवा बाजूने, खालच्या कोनात ठेवून त्याच्यासमोर बटर पेपर ताणा. घुमटाकार काच खोलीचा फार मोठा भाग टिपते, तेव्हा पांढरा शर्टसुद्धा घालू नका. याचा आणखी एक फायदा असा की, चकचकीत काट्यांत तोच काळा कागद उमटतो आणि पांढऱ्या तबकडीवर ते ठळक उठून दिसतात. तबकडी गडद असेल तर उलट करायचे : काट्यांना पांढऱ्या कार्डाचा उजेड द्यायचा.

तिरपा_उजेड
वरील मताशी सहमत आहे, पण बटर पेपर सरसकट वापरू नये. मध्यापासून किरणांसारख्या रेषा घासलेल्या तबकडीवर चहूबाजूंनी मऊ प्रकाश टाकला, तर ती नुसती करडी चकती दिसते. तिथे एकच अरुंद दिवा लागतो. साध्या पांढऱ्या तबकडीला हा प्रश्न नाही.

केसकमान
मशीनविषयी लिहितो. १:१ प्रमाणात एफ/८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते, तर ब्रिजपासून (चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीपासून) खालच्या चाकांपर्यंतचे अंतर काही मिलिमीटर. एफ/२२ ने ही उणीव भरून निघत नाही, कारण १:१ ला परिणामी छिद्र एफ/४४ इतके लहान होते आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) तपशीलच पुसला जातो. एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवा, फोकस पाव मिलिमीटरने सरकवत अनेक छायाचित्रे घ्या आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये ती जोडा. मशीन चालू राहिले तर बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलणारे चाक) प्रत्येक छायाचित्रात वेगळ्या जागी येऊन भुतासारख्या कडा उमटतील. म्हणून चावी न देता घड्याळ आपोआप थांबू द्या.

एक कळकळीची विनंती : झाकण घड्याळजीकडूनच काढून घ्या. उघड्या मशीनवर तोंडाने फुंकर मारू नका, रबरी ब्लोअरसुद्धा दुरून वापरा, आणि स्पीकर किंवा चुंबकी कव्हरचा फोन टेबलावर ठेवू नका. केसकमानीत (बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या बारीक, वेटोळ्या कमानीत) चुंबकत्व शिरले की तिचे वेढे एकमेकांना चिकटून घड्याळ पुढे धावू लागते.

रौप्यकाटा
मनापासून आभार. चालते बॅलन्स व्हील एकाच छायाचित्रात स्थिर टिपता येईल का?

केसकमान
येईल, पण शटरच्या भरवशावर नाही. ताशी १८,००० ठोक्यांच्या मशीनमध्ये चांगली चावी दिल्यावर चाकाची कड झोक्याच्या मध्यावर सेकंदाला साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर धावते. १/२०० सेकंदात ती दीड मिलिमीटरहून अधिक सरकेल. अंधाऱ्या खोलीत स्पीडलाइट (कॅमेऱ्याचा फ्लॅश) किमान शक्तीवर ठेवून जवळ आणा, म्हणजे त्याची अतिशय अल्प चमक हेच तुमचे शटर होईल. झोक्याच्या टोकाशी चाक क्षणभर थांबते, तो क्षण हाती लागेपर्यंत भरपूर छायाचित्रे घ्यावी लागतील.