दोन फुटी लाटांसाठी कुठला बोर्ड घ्यावा? ६-२ शॉर्टबोर्ड मिळतोय, घेऊ का?

पौडफाटा_ते_पेडणे
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय. मी पुण्याचा, वय ३४, वजन ७८ किलो, उंची ५ फूट ९. गेले दोन सीझन गोव्याला जाऊन सर्फिंग शिकतोय, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च जमेल तसं शुक्रवारी रात्री गाडी काढायची आणि रविवारी रात्री परत. मांद्रे नाहीतर अश्वे, दोनदा शिरोड्यालाही गेलो. सगळं शिकणं भाड्याच्या ८ फुटी फोमच्या बोर्डवर झालंय. फेसात उभं राहणं आता अंगवळणी पडलंय, न फुटलेली हिरवी लाट दहात तीन-चार वेळा मिळते, उजवीकडे वळता येतं, डावीकडे अजून जमत नाही.

आता स्वतःचा बोर्ड घ्यायचाय. एकजण त्याचा शॉर्टबोर्ड विकतोय, ६ फूट २ इंच, रुंदी १९ इंच, वर २९ लिटर (म्हणजे बोर्डचं आकारमान) लिहिलंय, वापरलेला आहे पण कुठे फुटलेला दिसत नाही आणि किंमत परवडण्यासारखी आहे. दिसायला फार देखणा आहे हो, टोकदार नोज, तळाला तीन फिन (माशासारखे पंख), बघितल्यापासून मनात तोच बसलाय.

पण आपल्याकडे हिवाळ्यात लाट असते दोन फूट, फार तर तीन. मला वाटत होतं छोट्या लाटेला छोटा बोर्ड, सरळ गणित. जिथे शिकलो तिथला मुलगा म्हणाला मोठाच घ्या, पण का ते काही नीट सांगितलं नाही. कारणासकट सांगाल का प्लीज?

आंबोलीखालचा
नका घेऊ. गणित नेमकं उलटं आहे, लाट जितकी छोटी आणि मऊ तितका बोर्ड मोठा लागतो.

मी सावंतवाडीचा, नऊ वर्षं ह्याच पट्ट्यात पाण्यात उतरतोय, आणि तुमच्यासारखाच तिसऱ्या सीझनला ६ फुटी बोर्ड घेतला होता म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो. तो अख्खा डिसेंबर मला अजून आठवतो. बोर्डवर पालथं झोपलं की तो पोटाखाली बुडायचा, छातीवरून पाणी जायचं, हात मारून मारून खांदे भरून यायचे, लाट यायची, शेपूट उचलायची आणि खालून निघून जायची. पुढे बघावं तर एक पन्नाशीचे काका जुनाट ९ फुटी बोर्डवर त्याच लाटेवर उभे, निवांत किनाऱ्यापर्यंत. दीड तासात मला दोन लाटा मिळायच्या. दोन लाटांत माणूस काय शिकणार?

कारण असं. दोन फुटी लाट साधारण मांडीभर पाण्यात फुटते आणि फुटताना तिचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास असतो. आपण हाताने मारून मारून त्याच्या निम्म्यापर्यंत जातो. मधला फरक भरून काढते लाटेची उतरण, आपण तिच्यावरून घसरतो म्हणून वेग येतो. मोठी लाट उभी असते, भिंतीसारखी, ती तुम्हाला खाली फेकतेच. आपली मांद्र्याची लाट म्हणजे अंगणाचा उतार. एवढ्याशा उतारावर घसरायला बोर्ड पाण्यावर तरंगता, रुंद आणि सपाट पाहिजे. तुम्ही बघताय त्या बोर्डचा नोज बाजूने बघा, चांगला वर वळलेला असेल. त्या वळणाला रॉकर म्हणतात. उभ्या लाटेवर तो नोज पाण्यात घुसू देत नाही, पण मऊ लाटेवर तोच रॉकर पाणी पुढे ढकलत बसतो आणि बोर्ड अडतो. लहानपणी तळ्यावर भाकऱ्या काढायचो ना, खापर चपटं असेल तरच उड्या मारत जातं, तसंच हे. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ताहितीच्या तेआहुपोला जे टोकदार बोर्ड बघितले ते त्या लाटेचे बोर्ड आहेत, आपल्या नाहीत.

लिटरचं म्हणाल तर शिकणाऱ्या माणसाला ढोबळमानाने वजनाइतके लिटर, हात बसला की हळूहळू कमी. तुम्ही ७८ किलोचे आणि बोर्ड २९ चा, तो तुमच्या वजनाच्या आणि दहा वर्षं मुरलेल्या माणसाचा आकडा आहे. ९ फुटी लाँगबोर्ड घ्या, रुंदी साडेबावीस इंच, ६५ लिटरच्या पुढेमागे. आमच्याकडे म्हणतात तसं, समुद्राक इचारल्याशिवाय बोर्ड घेव नको.

मुग्धा_सॅनडिएगो
६-२ नको ह्यावर शंभर टक्के सहमत. पण सरसकट ९ फुटी घ्या हे मला पटत नाही, मध्ये बरंच काही आहे.

मी मूळची चिपळूणची, बारा वर्षं इथे सॅन डिएगोला आहे आणि उन्हाळ्यात इथेही आठवडेच्या आठवडे कंबरेच्या खालचीच लाट असते. इथल्याच पॉइंट लोमाच्या स्टीव्ह लिसने १९६७ मध्ये फिश नावाचा बोर्ड केला, गुडघ्यांवर बसून लाट घ्यायला, आखूड, रुंद, जवळजवळ सपाट, मागे पाकोळीच्या शेपटीसारखा चिरलेला आणि दोन फिन. नंतर लोक त्यावर उभे राहायला लागले. आज छोट्या लाटेचे म्हणून जे आखूड बोर्ड विकतात त्यातल्या कितीतरी बोर्डांची मुळं तिथे सापडतात. म्हणजे लांबी हीच एक गोष्ट नाही, नोजच्या मागे रुंदी किती, शेपटीला रुंदी किती, तळ किती सपाट, हे सगळं मिळून बोर्ड लाट पकडतो. दोन बोर्ड एकाच लिटरचे असून एक धावतो आणि एक रुतून बसतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

तरी दादा, तुम्हाला फिश मी आत्ता सांगणार नाही. दहात तीन-चार हिरव्या लाटा मिळतायत म्हणजे टेकऑफ (लाट धरून उभं राहणं) अजून पक्का नाही. माझ्या मते ७-६ ते ८ फुटी मिनीमाल, म्हणजे लाँगबोर्डचा आखूड भाऊ, बघा, गोल नोज, रुंदी २२ इंचांच्या आसपास, ५२ ते ५८ लिटर. डावीकडे वळता येत नाही म्हणालात ना, ९ फुटी बोर्ड वळवायला मागे चालत जावं लागतं, शेपटीवर पाय ठेवल्याशिवाय तो वळत नाही. मिनीमाल जागेवरून वळतो. फिश दोन सीझननंतर.

आणि फोरकास्ट बघताना नुसती उंची बघू नका, पिरियड बघा, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. उंची तीच आणि पिरियड ७ चा १४ झाला तर लाटेतली ताकद साधारण दुप्पट. मी जानेवारीत घरी आले होते तेव्हा अश्वेला दोन फूट ७ सेकंद होतं, आणि इथल्या दोन फूट १४ शी त्याची काही तुलनाच नाही.

आंबोलीखालचा
मुग्धाताई, पिरियडचं बोललात ते अगदी खरं आणि माझा मुद्दा त्यावरच आहे. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तर-पश्चिमेकडून शमाल वाऱ्यांच्या लाटा येतात, पर्शियन आखाताच्या बाजूने, बाकी मग इथल्याच वाऱ्याने उठलेल्या, सगळ्या कमी पिरियडच्या. लांबून आलेला दक्षिणेचा स्वेल (दूरच्या समुद्रात उठून आलेल्या लाटा) मधूनच मिळतो. तुमच्या १४ सेकंदांच्या लाटेवर ७-६ मस्त चालेल, आमच्या ७ सेकंदांच्या लाटेला मी अजून ९ फूटच म्हणेन. वळायला मागे चालावं लागतं हे मान्य, पण चालायला शिकायचं ना, तीच तर लाँगबोर्डची मजा आहे.

उधाण_भांग
बोर्ड कुठलाही घ्या, आधी वेळ शिका असं मला सांगायचंय. मी वेंगुर्ल्याकडचा, घरची होडी आहे, सर्फिंग उशिरा शिकलो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी फार वरखाली होतं, त्याच लाटा भरतीला अगदी किनाऱ्यावर धपकन आपटतात आणि ओहोटीला लांब वाळूच्या दांड्यावर फुटतात. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी हलतं, दांड्यावर तीन-तीन तास सारखी लाट मिळते, शिकणाऱ्याने ते दिवस धरावेत. आणि सकाळी सातला पाण्यात पाहिजे म्हणजे पाहिजेच. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, लाट काचेसारखी उभी राहते. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की तीच दोन फुटी लाट चोळामोळा होऊन येते, मग ९ फुटी असो नाहीतर १० फुटी, काही उपयोग नाही. इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज रोज येतो, आमचे मच्छीमारसुद्धा तोच बघतात.

रेझीन_आणि_रेती
जुना बोर्ड घेणार असाल तर बघायचं कसं ते सांगतो, मी डिंग (बोर्डला पडलेली खोक, चीर) दुरुस्तीची कामं करतो. बोर्ड उन्हात आडवा धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी वरची बाजू दाबत दाबत नोजपासून शेपटीपर्यंत जा, विशेषतः जिथे छाती आणि पाय येतात तिथे. मऊ लागलं, दबून परत वर आलं, म्हणजे वरचं फायबरग्लासचं कापड आतल्या फोमपासून सुटलंय, सोडून द्या. फिन हलवून बघा, बुडाशी केसासारखी चीर दिसली तर पाणी आत जातंय. पिवळा पडलेला बोर्ड वाईट असं नाही, ऊन लागून पिवळा होतोच, पण एकाच ठिकाणी तपकिरी डाग म्हणजे आत पाणी मुरलंय. डिंग उघडी असेल तर सरळ तोंड लावून ओढा, जिभेला खारट लागलं की उत्तर मिळालं.

इपॉक्सी की पीयू (पॉलियुरेथेन फोमचा बोर्ड) विचाराल, तर इपॉक्सीत आत ईपीएस असतो, थर्माकोलच्या जातीचा, हलका आणि जास्त तरंगणारा म्हणून छोट्या लाटेला चांगला, पण फुटला की पाणी पटकन पितो. छोटी चीर दिसली तरी त्या दिवशी बाहेर या, टेप लावून परत उतरू नका. गेल्या वर्षी एकाने तसा आणून दिला होता, मी तीन आठवडे उलटा टांगून ठेवला तरी ठिबकत होता. आणि कुठलाही बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही, दुपारच्या जेवणाच्या तासाभरात फुगे येतात.

पौडफाटा_ते_पेडणे
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ६-२ वाल्याला काल फोन करून नाही म्हटलं. अंगठ्याने दाबून बघायला गेलो होतो, मधे दोन ठिकाणी मऊ लागला, म्हणजे तसाही नकोच होता.

आता दोन बघून ठेवलेत, एक ७-६ मिनीमाल ५२ लिटर आणि एक ९-० लाँगबोर्ड ६६ लिटर. अडचण अशी की मी चौथ्या मजल्यावर राहतो, ९ फुटी लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर नक्की कुठेतरी आपटणार. गाडी छोटी हॅचबॅक आहे, टपावर ९ फूट नेता येईल का आंबोली घाटातून?

आंबोलीखालचा
टपावर आरामात येतो. मऊ पॅड टाका, बोर्ड उलटा ठेवा, फिनची बाजू पुढे, आणि पट्ट्याला एक पीळ द्या नाहीतर वाऱ्याने सावंतवाडीपर्यंत भुणभुण ऐकावी लागेल. आजऱ्याला चहाला थांबाल तेव्हा पट्टे एकदा ओढून बघा, सैल पडतात.

पण घेण्याआधी एक करा. दोन्ही आकार भाड्याने मिळतात, एकाच सकाळी, एकाच भरतीत, तासभर हा आणि तासभर तो. आणि लाटा मोजा, मनातल्या मनात नाही, बाहेर येऊन वाळूवर रेघा मारा.

मुग्धा_सॅनडिएगो
हे बेस्ट. रेघा मारताना हिरव्या लाटा वेगळ्या आणि फेसातल्या वेगळ्या मारा, फेसातली कुठल्याही बोर्डवर मिळते.

पौडफाटा_ते_पेडणे
करून आलो! शनिवारी मांद्रे, भांगाचे दिवस बघूनच गेलो, लाट दोन फूट, पिरियड ८, पावणेसातला पाण्यात. पहिला तास ७-६ वर, हिरव्या लाटा ५. दुसरा तास ९-० वर, ११. आणि दुसऱ्या तासाला मी दमलेलो होतो हे लक्षात घ्या.

फरक सांगतो. ७-६ वर लाट अगदी जवळ येऊन उभी राहिली की मिळत होती, म्हणजे घाईघाईत उठायचं, दोनदा नोज पाण्यात घुसला. ९ वर लाट लांबूनच, अजून नुसता फुगवटा असतानाच धरत होती, तीन हात मारले की बोर्ड स्वतःहून निघायचा, उठायला वेळ मिळायचा, खाली बघायला वेळ मिळायचा. एका लाटेवर मी चक्क डावीकडे गेलो, फार नाही, दहा-बारा सेकंद, उजव्या हाताला किनारा सरकताना दिसत होता आणि पाण्याखालची वाळू स्पष्ट दिसत होती. तेव्हाच ठरलं. वळायला जड आहे हे मुग्धाताईंचं म्हणणं शब्दशः खरं, एका लाटेवर मी वळतच नव्हतो आणि समोर दोन लहान मुलं खेळत होती, सरळ उडी मारून बोर्ड धरला. छातीत धस्स झालं. ह्यापुढे पोहणाऱ्यांपासून चांगला लांब जाऊनच.

९-० घेतोय. प्रश्न फक्त ठेवायचा कुठे.

आंबोलीखालचा
आमच्या पडवीत ठेवा. आढ्याला दोन जाड दोऱ्या बांधून माझे दोन टांगलेत, तिसऱ्याला जागा आहे, ऊन येत नाही तिकडे. मेसेज करतो पत्ता. येताना गाडी रिकामी, टपाची कटकटच नाही, पुढे शिरोड्याला एकत्र जाऊ.

पौडफाटा_ते_पेडणे
दादा, काय बोलू. येतो पुढच्या शनिवारी, येताना आईने केलेले लाडू आणतो. एक शेवटचं, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) किती फुटी घेऊ? आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावायचं वॅक्स?

उधाण_भांग
लीश बोर्डाइतकी, ९ फुटी. घोट्याला नको, लाँगबोर्डला पोटरीवर गुडघ्याखाली बांधायची घ्या, चालताना पायात येत नाही. वॅक्स ट्रॉपिकलच मागा, थंड पाण्याचं आपल्याकडे वितळून हाताला लागतं. आणि शनिवारी मी पण येतो.