बिग बॉस मराठी: त्यांची मैत्री तुटली आणि आमच्या घरात… (अनुभव धागा)

लसूणचटणी

२०१८ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत आमच्या डोंबिवलीच्या घरात बिग बॉस मराठीचा पहिला सीझन चालू होता. टीव्हीवर लोणावळ्याचं घर, त्यात कोंडलेले स्पर्धक, आणि सोफ्यावर आम्ही दोघी. सासूबाई मेघा धाडेच्या, मी सई लोकूरची. सुरुवातीला भांडायचं कारणच नव्हतं, कारण मेघा, सई आणि पुष्कर जोग हे त्रिकूट एकच होतं. पलीकडे रेशम टिपणीस, आस्ताद काळे, सुशांत शेलार वगैरे मंडळी. सासूबाई लसूण सोलायच्या, मी उद्याची भाजी निवडायचे आणि दोघी मिळून पलीकडच्यांना नावं ठेवायचो. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण आमचं इतकं कधी जमलं नव्हतं.

मग शेवटच्या आठवड्यांत त्या त्रिकुटात बिनसलं. मेघा एकीकडे, सई-पुष्कर दुसरीकडे. सासूबाई म्हणाल्या, "तुझी सई गरजेपुरती गोड." मी टीव्हीकडेच बघत म्हटलं, "काहींना ना, सगळं आपल्याच हातात लागतं." त्यांनी काही न बोलता लसणाची वाटी उचलली आणि आत गेल्या. त्या दिवसापासून लसूण स्वयंपाकघरात सोलला जाऊ लागला. (मी मेघाबद्दलच बोलत होते. असं मी नवऱ्याला अजूनही सांगते.)

२२ जुलैला मेघा जिंकली. सासूबाईंनी शिरा केला. माझ्या वाटीत बेदाणे दोन.

तर लिहा. कोण खरं, कोण फेक, कोणाची मतं चोरली, हे वाद इथे नकोत, त्याला इतर जागा भरपूर आहेत. त्या घरात कुणाचं जुळताना किंवा फाटताना तुमच्याकडे काय झालं, तेवढंच.

संत्रागोळी

मी अमरावतीचा, म्हणजे शिव ठाकरेच्या गावचा, त्यामुळे २०१९ चा दुसरा सीझन आमच्यासाठी घरचं लग्न होतं. त्यात वीणा जगताप आधी किशोरी शहाणे आणि रूपाली भोसले यांच्यासोबत होती. तिघींच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'केव्हीआर' म्हणायचे. वीणा शिवच्या जवळ गेली तसं रूपालीचं आणि तिचं फाटत गेलं. माझी आई रोज म्हणायची, "पोट्ट्यापायी मैत्रीण सोडली न तिनं." आणि तो पोट्टा आमचाच असल्यामुळे पुढे बोलायची नाही.

पण माझा खरा अनुभव हिंदीतल्या सोळाव्या सीझनचा आहे. तेव्हा मी पुण्यात, चार जणांचा फ्लॅट. शिव, एमसी स्टॅन, अब्दू रोझिक, साजिद खान, निमृत, सुंबुल यांची 'मंडली' होती. आमच्या फ्लॅटच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंही नाव मंडली. रूममेट ताडीवाला रोडचा, म्हणजे स्टॅनच्याच वस्तीतला. १२ फेब्रुवारी २०२३ ला शेवटचे दोघे उरले ते नेमके हेच, अमरावती आणि पुणे. पैज अशी की हरणाऱ्यानं महिनाभर सगळ्यांची भांडी घासायची. स्टॅनचं नाव आलं आणि रूममेट खाली जाऊन अनोळखी लोकांना मिठ्या मारत सुटला. वर आला तेव्हा मी सिंकपाशी उभा. म्हणाला, "राहू दे बे, आज मी करतो." 'बे' म्हणायला त्याला मीच शिकवलं होतं.

पुढच्याच महिन्यात अब्दू आणि स्टॅनचं जाहीरपणे बिनसलं. आमचं बिनसायला जूनपर्यंत वेळ लागला, घरमालकाकडून परत आलेल्या डिपॉझिटवरून. ग्रुप अजून आहे. नाव 'मंडली'च आहे, शेवटचा मेसेज गॅस सिलिंडरचा.

रिमोट माझा

सगळं एडिटिंग असतं हो. स्क्रिप्ट देतात. चोवीस तासांतून तासभर काढला तर माझी आणि माझ्या भावाचीही दुश्मनी दाखवता येईल.

कानाला खडा

रिमोट माझा, अर्धं बरोबर आहे तुमचं. उरलेल्या अर्ध्याचा पगार मी घेतला आहे.

मी अशाच एका कार्यक्रमात लॉगर होते. नाव सांगत नाही, भाषाही सांगत नाही. काम असं: अंधारी खोली, समोर पडदे, कानाला हेडफोन आणि घरातली माणसं काय बोलतात ते वेळेसकट टाइप करत जायचं. "०२:१४, बागेतला झोपाळा, अ आणि ब, क बद्दल नाराजी, अ रडते." तुमच्या शिफ्टमध्ये जे घडलं ते तुम्ही नीट नोंदवलं नाही, तर पुढच्या माणसाला ते सापडणारच नाही. इतक्या तासांच्या चित्रीकरणात शोधणार कुठे? आमच्या नोंदी वाचून गोष्ट ठरवणारी मंडळी ठरवायची की उद्याच्या भागात अ-ब ची मैत्री की क चं एकटेपण.

संवाद लिहून दिलेले मी तरी पाहिले नाहीत. गरजही नव्हती. माणसांचे फोन काढून घ्या, घड्याळ काढून घ्या, रेशन मोजून द्या आणि दर आठवड्याला सांगा की घराबाहेर काढायला तुमच्यातल्या दोघांची नावं कारणासकट घ्या. कोणी वाईट नसतं तरी नाव घ्यावंच लागतं. पहिल्या आठवड्यात कारण असतं "आमची ओळख कमी आहे". तिसऱ्या आठवड्यापर्यंत ओळख झालेली असते, मग खरं कारण शोधावं लागतं. आणि ते एकदा तोंडातून बाहेर पडलं की समोरचा माणूस विसरत नाही.

मला एक गोष्ट कळली ती कुठल्याच भागात दिसली नाही. मैत्री मोठ्या भांडणात तुटत नाही. ती आधी स्वयंपाकघरात तुटते. एक मुलगी रोज दुसरीसाठी एक पोळी फडक्यात गुंडाळून ठेवायची, कारण ती उशिरा जेवायची. एके दिवशी ठेवली नाही. मी नोंदवलं: "पोळी ठेवली नाही." वरिष्ठ हसले, म्हणाले, हे काय लिहितेस, याचं काय दाखवणार? पाचव्या दिवशी त्या दोघींची भांड्यांवरून जोरदार जुंपली. तो प्रोमो झाला. बाहेर सगळे म्हणाले, भांड्यांसाठी इतकं?

नॉमिनेशनच्या, म्हणजे ही नावं घेण्याच्या, आदल्या रात्री कुजबुज वाढायची. कोणी माइक मुठीत धरला की वरून लगेच आवाज, माइक नीट घाला. आम्हाला हेडफोनमध्ये तेव्हा फक्त कापडाची खसखस ऐकू यायची. त्या खसखशीनंतर सकाळी कुठली तरी जोडी बदललेली असणार, हे मी पैजेवर सांगायचे.

काम सोडल्यावर बरेच दिवस लोकलमध्ये दोन बायका हळू बोलायला लागल्या की माझी बोटं मांडीवर चालायची. आता असे कार्यक्रम बघत नाही. नाव म्हणून घेतलंय.

कंदीपेढा

पोळीचं वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ. चौथ्या सीझनला (२०२२) विकास सावंत आणि आमच्या साताऱ्याचे किरण माने यांचं असंच वर-खाली चालायचं. माझे वडील आणि त्यांचे एक मित्र रोज सकाळी फिरताना त्यावर बोलायचे. बोलायचे म्हणजे दोघांनी आपापला माणूस घेतला होता. एवढ्यावरून आठ दिवस दोघे वेगवेगळ्या रस्त्यांनी फिरले. दोघांची वयं सत्तरच्या पुढे. आणि ज्यांच्यात सगळ्यात जास्त वाजलं ते अक्षय केळकर आणि अपूर्वा नेमळेकरच शेवटी निकालासाठी शेजारी-शेजारी उभे होते. तेव्हा वडील म्हणाले, "बघ." काय बघायचं ते सांगितलं नाही.

मेसचा डबा

तिसरा सीझन, २०२१ चा डिसेंबर. कोविडनंतर हॉस्टेल नुकतंच उघडलेलं, कॉमनरूममध्ये टीव्ही एक. निम्म्या मुली जय दुधाणे-उत्कर्ष शिंदेच्या गटात, निम्म्या विशाल निकम-विकास पाटील-मीनल शहा-सोनालीच्या. विशाल-विकास आठवड्याला एकदा रुसायचे आणि एकदा गळ्यात पडायचे. माझी रूममेट आणि मी तेच करत होतो, फक्त आम्हाला ते दिसत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एकीनं आम्हाला नावंच पाडली. मी विकास. विशाल जिंकला तेव्हा रूममेट उड्या मारत होती, मधेच थांबून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू तिसरी आलीस." (विकास तिसरा आला होता.)

सोलकढी

म्हापसा, गोवा. पाचवा सीझन, २०२४. आमच्या घरी तो बघायचं कारण एकच: वर्षा उसगांवकर आपल्या. आईनं तिचे सिनेमे ती नवी होती तेव्हापासून पाहिलेले. आणि पहिल्याच आठवड्यात निक्की तांबोळी तिच्याशी ज्या भाषेत बोलली, ते ऐकून आई टीव्ही बंद करायला उठली. भाऊच्या धक्क्यावर, म्हणजे शनिवार-रविवारच्या भागात, सूत्रसंचालक रितेश देशमुखनं निक्कीला झापलं, तेव्हा आईनं स्वतः जिंकल्यासारखी मान डोलावली. निक्कीनं माफी मागितली. आईनं दिली नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची, ती निक्कीच्या बाजूची. आजी-नातीत त्या पंधरवड्यात मीठ-साखरेपुरतं बोलणं.

पण नंतर निक्कीला कळलं की आपलाच ग्रुप आपल्यामागे काय बोलतो. जान्हवी, वैभव, सगळ्यांशी वाजलं. जोड्या बांधून ठेवायचा टास्क आला त्यात तिची जोडी अभिजीत सावंतशी, म्हणजे विरुद्ध टीमच्या माणसाशी. दोघांचं हळूहळू जमलं आणि त्यावरून अंकिता वालावलकर अभिजीतवर रुसली. मला स्वतःला अंकिताचं पटलं. कालपर्यंत आपण दोघं मिळून जिला विरोध करत होतो, तिच्याशीच आज हसून-खिदळून? अभिजीतचंही चूक नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागतं.

मग तिच्या सगळ्यात जवळचा अरबाज बाहेर पडला आणि निक्की ढसाढसा रडली. मी आईकडे बघितलं. आई पदरानं डोळे पुसत होती. "एकटेंच पडलें गो तें चेडूं." मुलगी म्हणाली, आजी, तुला तर ती आवडत नाही ना? आई म्हणाली, "आवडत नाहीच."

तिसरी घंटा

मी सांगलीत हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं काढली आहेत, तेही बहुतेक विनोदी भूमिकांत. त्यामुळे पाचव्या सीझनमध्ये जान्हवी किल्लेकर पॅडी कांबळेच्या अभिनयावर जे बोलली ते मला थेट लागलं. पॅडीनं उलट उत्तर दिलं नाही. फक्त चेहरा पडला, आणि विनोदी नटाचा चेहरा पडला की तो फार पडतो. रितेशनं जान्हवीला घरातल्या जेलमध्ये टाकलं. तिनं माफी मागितली. आणि नंतरच्या आठवड्यांत हीच जान्हवी पॅडीच्या आणि सूरज चव्हाणच्या जवळ येऊन बसायला लागली. पॅडी सूरजला टास्क समजावून सांगायचा, एकदा, दोनदा, न कंटाळता. सूरज ६ ऑक्टोबरला जिंकला. जान्हवी शेवटच्या सहांत पोचून नऊ लाख घेऊन बाहेर पडली.

माझं असं की राज्य नाट्य स्पर्धेच्या एका तालमीत आमच्या नायिकेनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "याला काय, कुठलंही नाटक द्या, हा तोच." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर तिच्यासोबत मी काम केलं नाही. अकरा वर्षं. निरोप यायचे, मी तारखा नाहीत म्हणायचो. तारखा सगळ्या रिकाम्या होत्या.

तो माफीचा भाग बघितल्यावर रात्री अकरा वाजता मी तिला फोन लावला. इकडचं-तिकडचं झालं. मग म्हटलं, तू तेव्हा असं म्हणाली होतीस. ती थोडा वेळ गप्प. म्हणाली, "मी? कधी? अरे मला खरंच आठवत नाही."

मी फोनवर काय बोललो ते आता मलाही आठवत नाही. दिवाळीत ती घरी आली होती. चकली खुसखुशीत झाली आहे म्हणाली.

लसूणचटणी

तिसरी घंटा, ही चकली मी विसरणार नाही. कानाला खडा, तुमची पोळीही नाही.

आज दुपारी सासूबाईंना आख्खा धागा वाचून दाखवला, माझ्या पोस्टसकट. वगळणार होते, पण त्या पाठीमागे उभं राहून स्क्रीनवर बघत होत्या. मेघाचं ऐकून घेतलं, लसणाचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या:

"बेदाणे संपले होते. माझ्या वाटीत एकही नव्हता."