परसातले पीच काढल्यावर सडतायत, उपाय सुचवा

गौरी_जर्सी: नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो, परसात रेडहेवन पीचचं झाड आहे, यंदा भरपूर फळ धरलंय. झाडावर एकदम स्वच्छ दिसतं पण काढून टोपलीत ठेवलं की दोन-तीन दिवसात तपकिरी डाग येतो, बघता बघता अख्खं फळ व्यापतो आणि वर राखाडी-बदामी भुकटी धरते. फ्रिजमध्ये ठेवले तर आतून पिठूळ होतात, चवच जाते. मंडळातल्या लोकांना वाटायचेत हो, प्लीज सांगा.

परसबाग: गौरीताई, हा ब्राऊन रॉट, मोनिलिनिया नावाची बुरशी. डागाची जागा दाबून बघा, बऱ्यापैकी घट्टच लागेल. साल सुटून पाणी गळत असेल आणि पांढऱ्या केसांवर काळे ठिपके दिसत असतील तर मात्र ती ऱ्हायझोपस, ती एका फळावरून शेजारच्यावर लगेच चढते. ब्राऊन रॉट बहुतेक वेळा झाडावरच लागलेला असतो, दमट हवेत आत शिरतो, गप्प बसतो आणि फळ पिकायला लागलं की उठतो. म्हणून हिरवटपणा जाऊन पिवळी झाक आली की फळ घट्ट असतानाच सकाळी काढा, आपटू देऊ नका, एकावर एक रचू नका, डागी फळ लगेच बाजूला करा.

फ्रिजचं म्हणाल तर २ ते ८ अंश सेल्सिअस हेच पीचला सगळ्यात वाईट, आणि घरचे फ्रिज नेमके त्यातच असतात. कोल्ड स्टोरेजवाले ० अंशाच्या आसपास ठेवतात. तुम्ही आधी बाहेर पिकू द्या, मगच फ्रिजमध्ये, तेही थोडेच दिवस. उरलेले सरळ फोडी करून फ्रीजरला टाका.

देवगडकर: आमच्या हापूसला ५२ अंशाच्या पाण्यात १० मिनिटं बुडवायची शिफारस आहे, करपा आणि देठकूज कमी होते. पीचला चालेल काय?

परसबाग: चालतं, पण १० मिनिटं नको, साल नाजूक असते. पीचवर ५० अंश, अडीच मिनिटं असे प्रयोग झालेत. थर्मामीटर हवाच, अंदाजाने केलंत तर साल भाजेल. नंतर गार करून नीट कोरडे करा.

गौरी_जर्सी: खूप आभार दोघांचे! मागच्या वर्षीची वाळकी फळं अजून फांद्यांना लटकतायत, त्याने काही होतं का?

परसबाग: अहो, रोगाचं मूळ तेच! बुरशी त्यातच हिवाळा काढते. सगळी तोडा, खाली पडलेलीही उचला आणि कचऱ्यात बांधून टाका, झाडाखाली ठेवू नका.